जुन्या गाडीत कंपनीचा एसी बसवताना: गॅस सगळ्यात शेवटी

एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या दोन जुन्या गाड्या शेजारी उभ्या करा. एक कारखान्यातून एसीसकट निघालेली, दुसरी बिनएसीची. बाहेरून काही कळणार नाही. आता बॉनेट उघडा. एसीवालीचा रेडिएटर जाड, पंख्याला पाती जास्त, क्रँकच्या पुलीला एक खाच अधिक, अल्टरनेटर मोठा. डॅशबोर्डखाली डोकं घालून बघितलंत तर ग्लोव्हबॉक्स आखूड, हीटरचा डबा दुसराच आणि फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) पाडलेलं भोकही निराळ्या आकाराचं.

हा सगळा फरक म्हणजे कंपनीचा एसी. कॉम्प्रेसर लावला, पाईप जोडले, गॅस भरला की झालं, असं समजून बरेच जण हात घालतात आणि डॅशबोर्ड उघडून ठेवलेली गाडी वर्षभर झाकून ठेवतात. मीही त्यातलाच. गॅसचं काम फार तर दोन दिवसांचं असतं. महिने जातात ते डबे, झडपा, ब्रॅकेट आणि फोमच्या पट्ट्यांमध्ये. म्हणून हा लेखही तिथंच जास्त रेंगाळणार आहे.

आधी ठरवा, हे खरंच हवंय का

आजकाल डॅशबोर्डखाली बसणारी तयार किट मिळतात. कमी जागेत मावतात, बसवायला सोपी असतात आणि चांगला गारवा देतात. नुसता गारवा हवा असेल तर तीच घ्या, उगाच नसता उपद्व्याप करू नका. कंपनीची पद्धत अशांसाठी, ज्यांना डॅशबोर्डवरची मूळची जाळी, मूळचे सरकते खटके आणि बॉनेटखाली त्या काळी होतं तसं चित्र हवं आहे.

तुमच्या मॉडेलला त्या साली एसी मिळत होता का, हे कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये आधी बघा. पॅकार्डनं १९४० च्या मॉडेलला एसी देऊ केला तेव्हा त्याची कूलिंग कॉइल मागच्या सीटच्या पाठीशी होती आणि कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढून ठेवायचा! सगळा संच पुढे, बॉनेट आणि डॅशबोर्डच्या पोटात बसवायची सुरुवात नॅशनं १९५४ मध्ये केली. तुमची गाडी त्याआधीची असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. ६ व्होल्टची असेल तर आधी १२ व्होल्टची करावी लागेल.

एकच दाता

सुटे भाग चार ठिकाणांहून गोळा करू नका. एसीसकट आलेली, त्याच मॉडेलची आणि त्याच इंजिनाची एक भंगार गाडी शोधा आणि तिच्यातून सगळं काढा. त्याच मॉडेलच्या पुढच्या सालची चालेल का, असं वाटतं. पण सहा सिलिंडर इंजिनाचं ब्रॅकेट व्ही-८ ला लागत नाही, आणि एका सालात डब्याचे स्टड अर्धा इंच सरकलेले असले तरी दिवस वाया जातो.

पहिला पाना लावण्याआधी त्या गाडीतला उरलासुरला गॅस मशीननं काढून घ्या. पाईप सैल करून हवेत सोडायचा नाही. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, शिवाय द्रवरूप गॅस हातावर उडाला तर कातडी गोठते. आर-१२, म्हणजे जुन्या एसीतला मूळचा गॅस, पेटत्या ज्वाळेपर्यंत गेला तर त्यातून विषारी वायू तयार होतो, म्हणून जवळपास गॅस वेल्डिंग नको.

मोठे भाग कुणीच विसरत नाही. विसरतात ते हे: कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटचे बोल्ट (लांबी प्रत्येकाची वेगळी, आणि काही इंजिनांत यातला एखादा थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतो, तिथं बसवताना थ्रेडला सीलंट लागतं), पट्टा ताणायची जादा पुली, पंख्याभोवतीचं काऊल, ब्लोअरचा रिले आणि त्याचा वायरिंगचा तुकडा, डब्यातल्या झडपा हलवणाऱ्या व्हॅक्यूमची टाकी, तिच्यामागचा एकदिशा व्हॉल्व्ह, हीटरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह, जाळीमागचे वाकडेतिकडे प्लॅस्टिकचे नळ, आखूड ग्लोव्हबॉक्स आणि डब्याचं पाणी बाहेर सोडणारी ती रबरी नळी. प्रत्येक गोष्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. सोडवण्याआधी फोटो आणि सोडवताना पुन्हा फोटो. व्हॅक्यूमच्या नळ्या रंगीत असतात, पण पन्नास वर्षांत सगळ्यांचा रंग एकच होतो, मळकट. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर डकवा.

फायरवॉलवर जाड पुठ्ठा दाबून धरा आणि भोकांचा, स्टडांचा छाप काढून घ्या. शक्य असेल तर तेवढा पत्राच कापून आणा. पुढे त्याचा उपयोग होतो.

डबा: खरं काम इथं

कूलिंग कॉइल, हीटर कोअर, ब्लोअर आणि तीन-चार झडपा ज्यात असतात तो डबा टेबलावर उघडा. झडपांच्या कडेला फोम असतो. बोटानं जरा दाबलात की तो काळ्या भुकटीसारखा गळून पडतो आणि खाली उघडा पत्रा दिसतो. ही झडप आता बंद होऊनही बंद नसते. तिच्या फटीतून हीटरची गरम हवा थंड हवेत मिसळत राहते, आणि मालक गॅस कमी पडला म्हणून भरत बसतो.

सगळा फोम खरवडून, स्पिरिटनं पुसून, बंद पेशींचा नवा फोम लावा. पाणी शोषणारा उघडा स्पंज नको, तो कुजतो आणि वास मारतो. झडप लावून आत टॉर्च ठेवा आणि खोलीत अंधार करा. कुठून उजेड गळतोय ते दिसेल. या एका संध्याकाळीनं जेवढा गारवा वाढतो तेवढा महागड्या कंडेन्सरनंही (गॅसची उष्णता बाहेर फेकणाऱ्या जाळीनंही) वाढत नाही.

कूलिंग कॉइलच्या पात्यांत पानं, धूळ, उंदरांची घरटी काय वाटेल ते सापडतं. धुऊन झाल्यावर तिचं एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून कोरडा नायट्रोजन सोडा आणि कॉइल पाण्यात बुडवा. बुडबुडा आला तर आत्ताच कळलेलं बरं, डॅशबोर्ड लागल्यावर नव्हे. हीटर कोअर दिसायला कितीही चांगला असला तरी नवा टाका. तो पुढे गळला तर हे सगळं पुन्हा उघडावं लागतं.

एक्सपान्शन व्हॉल्व्हही नवा. त्याची बारीक नळीची कुपी कॉइलच्या बाहेर जाणाऱ्या पाईपला बांधायची असते, कारण गॅस किती सोडायचा हे व्हॉल्व्ह त्या पाईपच्या उष्णतेवरून ठरवतो. पाईप पॉलिश पेपरनं चकचकीत करा, कुपी पट्टीनं आवळा, वर इन्सुलेशनची चिकट टेप गुंडाळा. टेप राहिली तर कुपी बॉनेटखालची गरमी मोजते आणि व्हॉल्व्ह भलताच उघडा राहतो.

झडपा हलवणाऱ्या व्हॅक्यूमच्या डब्या हातपंपानं एकेक तपासा. १५ ते २० इंच व्हॅक्यूम द्या, काटा मिनिटभर जागचा हलता कामा नये. हलला तर आतला पडदा फाटलाय.

आता पाण्याच्या व्हॉल्व्हची गोष्ट. पूर्ण गार करा म्हटलं की एसीवाल्या गाडीत हीटरकडे जाणारं गरम पाणी एक व्हॉल्व्ह अडवतो. माझा व्हॉल्व्ह बाहेरून हलत होता, आतून नाही. त्या उन्हाळ्यात मी दोनदा गॅस काढला आणि भरला, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी बाटली) बदलला, एका जाणत्याला बोलावलं. त्यानं काही न बोलता हीटरच्या दोन्ही होजना हात लावला. दोन्ही कढत. एका पक्कडीनं होज दाबून धरला आणि पाच मिनिटांत जाळीतून गार हवा आली. मला त्या दिवशी स्वतःचाच राग आला होता.

फायरवॉल कापताना

काही गाड्यांत एसीचं भोक कारखान्यातच पाडून वर पत्रा ठोकलेला असतो, नशीब असेल तर तुमची गाडी त्यातली निघेल. नाहीतर कापणं आलंच. बॅटरी काढा, मागचं वायरिंग आणि कार्पेट बाजूला घ्या. दात्याचा पुठ्ठा लावून स्टडांची भोकं आधी पाडा, डबा नुसता टेकवून बघा, वायपरच्या मोटरीला, इंजिनाच्या मागच्या भागाला अडतोय का ते पाहा, आणि मगच मोठं भोक कापा. कापलेल्या कडेला प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय पुढं जाऊ नका. डबा बसवताना कडेनं बुटाइलची चिकट दोरी भरा, म्हणजे इंजिनाची हवा आणि पाणी आत येणार नाही. कापताना हात थरथरतो, हे मी कबूल करतो.

कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि तापणारं इंजिन

जनरल मोटर्सच्या जुन्या अमेरिकन गाड्यांत १९६२ पासून फ्रिजिडेअरचा ए-६ नावाचा लांबट, सहा सिलिंडरचा कॉम्प्रेसर असे. दणकट, पण वजन जवळपास १६ किलो. त्या काळच्या दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेसरांचं कंपन ब्रॅकेटं मोडायला पुरेसं असायचं. आता त्याच ब्रॅकेटवर ॲडाप्टर लावून सॅन्डनसारखा हलका कॉम्प्रेसर बसवता येतो. इंजिनावरचा भार कमी होतो, रिकाम्या चालीत गाडी थरथरत नाही. शुद्धतावादी नाक मुरडतील. माझं मत विचाराल तर, बॉनेट उघडून प्रदर्शनात उभी राहणारी गाडी असेल तर ए-६ ची दुरुस्ती करून तोच लावा. रोज चालवायची असेल तर नवा लावा आणि त्यावर काळा रंग मारा.

पट्ट्याच्या सगळ्या पुली एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी टेकवून बघा. दोन मिलिमीटरचा फरकही पट्टा ओरडवतो.

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, बोटभर अंतरावर. तिथं मात्र मी मूळच्या हट्टाला सोडचिठ्ठी देतो. जुना गोल नळीचा कंडेन्सर आर-१२ साठी आखलेला होता. ६० अंश सेल्सिअसला आर-१२ चा दाब साधारण २०७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असतो, त्याच्या जागी भरतात त्या नव्या आर-१३४ए गॅसचा २२९ च्या आसपास. म्हणजे नव्या गॅसला उष्णता फेकायला जास्त सोय हवी. पॅरलल फ्लो (बारीक, समांतर वाटांचा) कंडेन्सर त्याच जागेत ती देतो, आणि गाडीच्या पुढच्या ग्रिलमागे तो कुणाला दिसतही नाही. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमनं बंद करा, नाहीतर हवा सोपी वाट धरते आणि कंडेन्सरमधून जातच नाही.

एसीची सगळी गरमी रेडिएटरच्या तोंडावर येऊन पडते. म्हणून दात्याचा जाड रेडिएटर, जास्त पात्यांचा पंखा, त्याचा क्लच आणि विशेषतः काऊल हे सगळं हवंच. काऊल नसला की पंखा कडेची हवा फिरवत बसतो. गाडी चालताना कळत नाही. सिग्नलला उभी राहिली की काटा वर चढतो.

वीज

कॉम्प्रेसरचा क्लच ३ ते ४ अँपिअर खातो, खरा खादाड ब्लोअर. त्याचा जोराचा वेग थेट बॅटरीकडून, रिलेमधून आणि स्वतंत्र फ्यूजमधून घ्या. डॅशबोर्डच्या खटक्यातून तो भार नेलात तर खटका वितळतो. अल्टरनेटर एसीवाल्या गाडीचाच. डायनॅमो असेल तर रिकाम्या चालीत हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर मिळून बॅटरी उतरेल. क्लचच्या कॉइलवर डायोड ठेवा, बंद होताना उसळणारी वीज खटक्याचे पॉइंट जाळते. मूळच्या संचात नसलेली एक गोष्ट जरूर घाला: दाबावर चालणारा सुरक्षा स्विच. गॅस गळून गेला तर तो कॉम्प्रेसर कोरडा फिरू देत नाही, आणि दाब धोक्याइतका चढला तरी क्लच सोडतो.

पाईप, तेल आणि ओ-रिंग

जुने रबरी होज आर-१२ साठी पुरत होते. आर-१३४ए चे रेणू लहान, ते त्यातून हळूहळू पाझरतात. मूळच्या धातूच्या टोकांवर आत नायलॉनचा थर असलेला नवा होज क्रिंप करून घ्या. बाहेरून तो जुनाच दिसतो. ओ-रिंग सगळ्या एचएनबीआर जातीच्या रबराच्या. त्यांना बसवताना मिनरल तेल लावा, पॅग तेल (आर-१३४ए बरोबरचं कृत्रिम तेल) हवेतला ओलावा ओढून फिटिंगला गंज आणतं. नट आवळताना दोन पाने, एक धरायला आणि एक फिरवायला. नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळवटते.

तेलाचा हिशेब नीट करा. आर-१२ बरोबर मिनरल तेल चालतं. आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही, कुठंतरी साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. तिथं पॅग किंवा एस्टर. कॉम्प्रेसर बनवणाऱ्यानं जे लिहिलंय तेच आणि तेवढंच. जुन्या नळ्या आणि कूलिंग कॉइल द्रावणानं धुऊन नायट्रोजननं कोरड्या करा. पॅरलल फ्लो कंडेन्सरच्या बारीक वाटांतला कचरा मात्र धुऊन निघत नाही, तो नवाच लावा.

संचात पीओए व्हॉल्व्ह असेल तर एक खुबी आहे. कूलिंग कॉइल गोठू नये म्हणून तो तिथला दाब राखतो. शून्य अंशाला आर-१२ चा दाब ३० पीएसआय, आर-१३४ए चा जेमतेम २८. जुन्या मापावर ठेवलेला व्हॉल्व्ह नव्या गॅसला कॉइल पुरेशी गार होऊ देत नाही, म्हणून त्याचं माप खाली आणावं लागतं.

ड्रायर सगळ्यात शेवटी. त्याची झाकणं तो जोडायच्या अगदी वेळीच काढायची. आतला पदार्थ हवेतलं पाणी पितो. दुपारभर उघडा ठेवलेला ड्रायर निकामी झालाच समजा.

आता गॅस

भरण्याआधी कोरडा नायट्रोजन सुमारे १५० पीएसआयपर्यंत भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. दाबलेली हवा वापरू नका, तिच्यात ओलावा असतो. आर-१३४ए असलेल्या संचात तर हवा भरायचीच नाही, दाबाखाली ते मिश्रण पेटू शकतं. रात्रभर काटा हलला नाही तर नायट्रोजन सोडून द्या आणि व्हॅक्यूम लावा.

व्हॅक्यूम नुसता हवा काढायला नसतो. दाब पुरेसा उतरला की आतलं पाणी साध्या उष्णतेलाच उकळून वाफ होतं आणि पंप ते ओढून घेतो. म्हणून थंडीच्या दिवसात गाडी उन्हात उभी करून करा. निदान तासभर, मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईनं मोजणारं यंत्र) असेल तर ५०० च्या खाली. मग पंप बंद करून अर्धा तास थांबा. काटा चढला तर गळती किंवा ओलावा, गॅसचा डबा अजून उघडायचा नाही.

गॅस वजनावर भरा, काट्यावर नाही. आर-१३४ए साठी मूळच्या आर-१२ च्या वजनाच्या सुमारे ८० टक्क्यांपासून सुरुवात करा. इंजिन साधारण १५०० फेऱ्यांवर, ब्लोअर जोरात, दारं उघडी, पुढे एक मोठा पंखा लावलेला. इंजिन चालू असताना गॅस फक्त कमी दाबाच्या बाजूनं आणि वाफेच्या रूपात. डबा उलटा धरून द्रव ढोसलात तर कॉम्प्रेसर फुटेल. शेवटचे थोडे ग्रॅम सावकाश टाका आणि जाळीतल्या थर्मामीटरकडे बघत राहा. गारवा वाढायचा थांबला आणि जास्त दाबाची बाजू चढू लागली की हात आखडता घ्या. जुन्या गाडीत गॅस जास्त भरणं हीच मोठी चूक. भरण्याच्या तोंडावर नव्या गॅसच्या जातीचं लेबल लावायला विसरू नका, पुढच्या माणसाला त्याची गरज पडते. आणि प्रोपेन, ब्युटेन असले ज्वालाग्राही गॅस कुणी कितीही स्वस्त म्हणून सुचवले तरी नको. कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यापाशी असते.

पहिली फेरी

खिडक्या बंद, हवा आतलीच फिरवून, अर्धा तास चालवा. ३५ अंशाच्या दिवशी जाळीत ७ ते १० अंश आले तर मी समाधानी असतो. गाडी धावताना गार आणि उभी राहिल्यावर कोमट असेल तर कंडेन्सरवर हवा पुरत नाहीये, काऊल आणि फटी बघा. आधी गार आणि मग हवेचा जोरच मंदावला, तर कूलिंग कॉइल गोठतेय. दोन्ही दाब ठीक आणि तरीही कोमट, तर हीटरच्या होजना हात लावा. कुठल्या जोडाभोवती तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर तिथून गॅस जातोय. गॅस तेलाला बरोबर घेऊनच बाहेर पडतो.

गाडी थांबवली की खाली वाकून बघा. पुढच्या सीटच्या जरा पुढे, फायरवॉलच्या खाली पाण्याचे थेंब पडायला हवेत. पडत नसतील आणि पायाखालचं कार्पेट ओलं लागत असेल, तर ती रबरी नळी एकतर तुंबलीय किंवा तुम्ही ती दात्याच्या गाडीतच विसरलात.